तीन टन सळया आणि दोन बिस्किटं

साइटवर त्यांना सगळे 'वरचे' म्हणायचे, कारण ते टॉवर क्रेन चालवायचे. "वरच्यांच्या मनात आलं तर आज स्लॅब होईल," असं रोज कोणीतरी म्हणायचं आणि दुसरा आभाळाकडे बघून हात जोडायचा. बावीस वर्षांत त्यांच्या हुकावरून एक वीट पडली नव्हती. दारू नाही, तंबाखू नाही. चहासुद्धा अर्धाच कप, कारण एकदा वर चढलं की सारखं खाली येता येत नाही.

घरी ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. ताईला कॅन्सर होता. केमो सुरू झाल्यापासून तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. मग महिन्याभरापूर्वी ती अचानक दोन घास जेवू लागली. "नवीन औषध आहे," ती म्हणाली. जेवतेय ना, मग झालं, असं म्हणून त्यांनी जास्त चौकशी केली नाही.

त्याच सुमारास सरकारने गांजा कायदेशीर करावा का, यावर लोकांची मतं मागवली होती. कँटीनमध्ये रोज तेच. खाली उभा राहून क्रेनला इशारे देणारा सिग्नलमन म्हणायचा, "दारू चालते, मग गांजानं काय घोडं मारलंय?"

"तुझ्या डोक्यावर ओझं लटकलंय आणि वर बसलेला मी तारेत आहे. चालेल का तुला?" वरचे विचारायचे. विरोधाच्या अर्जावर त्यांनी पहिली सही ठोकली होती.

त्या सकाळी निघायला उशीर झाला. स्वयंपाकघरातल्या फळीवर एक डबा दिसला, त्यातली दोन बिस्किटं त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली आणि सुटले.

दीड तास काही नाही. मग हुकाला तीन टन सळया होत्या, ओझं अर्ध्या वाटेत होतं, आणि सिग्नलमनचा आवाज वॉकीटॉकीवरून विहिरीच्या तळातून आल्यासारखा यायला लागला. तोंडाला कोरड पडली. केबिन एका बाजूला कलतेय असं वाटलं. त्यांनी खाली बघितलं. पिवळी हेल्मेटं मुंग्यांसारखी फिरत होती, बरोबर ओझ्याखाली. छाती इतकी धडधडायला लागली की हा आपला शेवट, याची त्यांना खात्रीच पटली.

"खालची माणसं हलव," कसंबसं ते बोलले. "मला काहीतरी झालंय."

भोंगा वाजला. माणसं पांगली. "आता लिव्हर सोडा, वरचे," सिग्नलमन म्हणाला. "ब्रेक आपोआप लागेल."

हे त्यांना माहीत होतं, त्यांनीच त्याला शिकवलं होतं. पण हात सोडला की सगळी क्रेन माणसांवर कोसळणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. बोटं उघडेनात. अंगावरून घामाच्या धारा. एक तास गेला, निदान त्यांना तसं वाटलं. सिग्नलमन एकच वाक्य म्हणत राहिला, न ओरडता: "सोडा. मी बघतोय. सोडा." शेवटी बोटं सुटली. सळया हवेत जिथल्या तिथे थांबल्या. नंतर कळलं, सगळ्याला मिळून चार मिनिटं लागली होती.

शेजारच्या क्रेनवरचा गडी वर चढला, त्याने ओझं उतरवलं आणि वरच्यांना पट्ट्याने बांधून शिडीवरून खाली आणलं. दवाखान्यात लघवी तपासली. गांजा.

घरी ताईने ऐकलं आणि फळीवरचा डबा काढून बिस्किटं मोजली. "दोन खाल्लीस? अरे, मी एकाचा चतकोर खाते!"

त्या दिवसापासून घरात भीती मुक्कामाला आली. खरं सांगावं तर ताईवर खटला. गप्प राहावं तर बावीस वर्षांवर पाणी. चौकशीत ते म्हणाले, "मला काही आठवत नाही." दारावर थाप पडली की दोघं आधी खिडकीतून बघायची. ताईने डबा संडासात रिकामा केला. चौथ्या दिवशी उलट्या पुन्हा सुरू झाल्या. नवव्या दिवशी तिला उशीवरून मान उचलवेना.

"कुणाकडून आणायचीस ते सांग," वरचे म्हणाले.

एक निवृत्त नर्स होती, चार गल्ल्या सोडून. अर्जावर सही करणारा तो माणूस भर दुपारी तिच्या दारात उभा राहिला.

"एका बिस्किटात किती असतं?" त्यांनी विचारलं.

"अंदाजाने घालते," ती म्हणाली. "मोजायला काय आहे माझ्याकडे?"

त्यांच्या धंद्यात वजन लिहिल्याशिवाय ओझं उचलत नाहीत. तरी त्यांनी बिस्किटांची पुडी खिशात घातली, आणि रस्ताभर मागे कोणी आहे का बघत घरी आले. त्या संध्याकाळी ताईने अर्धी वाटी भात खाल्ला. नंतर म्हणाली, "माझं नाव सांगून टाक. मला असं चोरून जगायचं नाही." त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा तीच रिक्षा करून चौकशी अधिकाऱ्यापुढे जाऊन बसली. बिस्किटं कोणाकडून आणली, ते मात्र तिने सांगितलं नाही.

लोकांची मतं ऐकायला समिती आली, तेव्हा दोन्ही बाजूंनी वरच्यांना बोलावलं. एकीला त्यांची चार मिनिटं हवी होती, दुसरीला ताईच्या उलट्या. त्यांनी दोन्ही सांगितलं. "मग तुमचं मत काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"पुडीवर वजन लिहा," ते म्हणाले. "आणि ज्याने खाल्लंय त्याला त्या दिवशी शिडी चढू देऊ नका. बाकीचं मला कळत नाही. मला अजून भीती वाटते, साहेब, दोन्हीची."

कायद्याचा निकाल लागलेला नाही. ताईवरची केस चालू आहे, तारखा पडताहेत. कंपनीने वरच्यांना सहा महिन्यांनी परत घेतलं. पहिल्या दिवशी ते तिसऱ्या शिडीपर्यंत चढले आणि तिथेच हात गजाला चिकटले. सिग्नलमन मागून चढला आणि त्यांचा एकेक पाय धरून खाली ठेवत त्यांना जमिनीवर घेऊन आला.

आता ते खालीच काम करतात, सळयांच्या मोळ्या बांधतात.