सकीनाबी तिसरीत बसते

सोनगीरच्या बाजारात सकीनाबीसमोर हात पुढे केला की तो तुमचा राहत नाही. नवऱ्याची चौकशी करत, सासूला नावं ठेवत ती डझनभर बांगड्या कधी चढवते ते कळतही नाही. मी दोन घ्यायला जाते आणि हात भरून येते, दर वेळी.

तिची नात तहरीम माझ्या वर्गात, तिसरीत. दिवाळीनंतर रोज शाळेच्या वेळी तिचं पोट दुखू लागलं. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे मीही सोबत गेले. त्या म्हणाल्या, "दुखणं खरं आहे, भीतीचं आहे. ओढून नेऊ नका, घरीही ठेवू नका. थोडं थोडं पुढे न्या."

सकीनाबीने मान डोलावली आणि बाहेर येऊन मला सांगितलं, "पोर नाटकी शे, मॅडम."

पण घाई होती. नरडाण्याला कारखान्यात असलेल्या तहरीमच्या बापाने बजावलं होतं, महिनाअखेर वर्गात बसली नाही तर शाळा बंद. म्हणून सकीनाबी कामाला लागली. नात आधी फाटकापर्यंत आली, मग नळापर्यंत, मग व्हरांड्यात. सोबतीला सकीनाबीने आपली बांगड्यांची टोपलीही व्हरांड्यातच मांडली. मग काय, चौथीच्या पोरी पाणी प्यायला निघायच्या आणि हिरव्या बांगड्या घालून परतायच्या. मुख्याध्यापक शालिग्राम सर रागवायला बाहेर आले आणि बायकोसाठी अर्धा डझन घेऊन आत गेले. अख्खी शाळा व्हरांड्यात, वर्गात मी एकटी.

सोमवारी सरांनी टोपली बंद केली.

"मंग मी बी वर्गमा बससू," म्हणत सकीनाबी सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तहरीम तिच्या पदराला चिकटून. मला खोडी सुचली. बाजारातला वचपा काढावा म्हणून मी म्हटलं, "सकीनाबी, फळ्यावरची ओळ वाचा बरं."

अख्ख्या बाजाराला गप्प करणारी बाई गप्प झाली. ती कधी शाळेतच गेली नव्हती, हे मला माहीत नव्हतं. सगळी पोरं वळून बघू लागली. तिच्या कपाळावर घाम आला, हात पोटावर गेला. मला माझीच लाज वाटली.

"दुखस ना, दादी?" तहरीमने हळूच विचारलं.

"दुखस, बेटा. खरंच दुखस." सकीनाबी नातीकडे बघत राहिली. "माले वाटे, तू खोटं बोलस."

तहरीम उभी राहिली. दादीचा हात धरून तिने ती ओळ वाचली, अडखळत, पण शेवटपर्यंत. दोन महिन्यांत वर्गाने तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशीही तहरीमचं पोट दुखलंच. ते दुखणारं पोट घेऊन ती फाटकापाशी आली आणि सकीनाबीला तिथूनच परत पाठवू लागली.

"तू घर जाय, दादी," ती म्हणाली. "वर्गमा तुले भेव वाटी."