सोसायटी आहे, धर्मशाळा नव्हे

राग गिळावा, असं लहानपणापासून ऐकत आले. मला गिळता येत नाही. मी तो मुरत घालते.

पेणच्या आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांवरचा राग असाच मुरत घातला होता. नवऱ्याचं डोलवीच्या कंपनीतलं कंत्राटी काम संपलं, तेव्हा फ्लॅटमधली एक खोली मी दिवसाच्या भाड्यानं द्यायला लागले. गणपतीच्या मूर्ती ठरवायला बाहेरगावचे व्यापारी यायचे, एरवी कंपनीत चार दिवसांच्या कामाला आलेली माणसं. सकाळी पोहे, रात्री आमटीभात. घर त्यावर चालत होतं. अध्यक्षांनी सभा बोलावली आणि ठराव मांडला, की महिन्याहून कमी मुदतीचा भाडेकरू कुणी ठेवायचा नाही. मी विचारलं, का? तर हसून म्हणाले, "वहिनी, ही सोसायटी आहे, धर्मशाळा नव्हे. अनोळखी माणसं येणार, घरोघरी पोरीबाळी. उद्या काही झालं तर?" भराभर हात वर झाले. माझ्या घरच्या उकडीच्या मोदकांवर ताव मारलेले हातही त्यात होते.

फ्लॅट विकून आम्ही रोह्याजवळ, कोलाडच्या वाटेवर, नवऱ्याच्या गावी आलो. नदीकाठी घर होतंच, त्याला दोन खोल्या काढल्या. या वेळी मात्र मी आधी नियम विचारत फिरले. पेणला सोसायटीचं बहुमत म्हणजे कायदा. रोहा शहरात भाचीनं खोली द्यायला काढली, तिला नगरपालिकेत, पोलिसांत खेटे घालावे लागले, पण शेजाऱ्यांना कुणी विचारलं नाही. आणि तिथून हाकेच्या अंतरावरच्या आमच्या गावात सगळं ग्रामसभेच्या 'हरकत नाही'वर. एकच तालुका, तीच नदी, पण पाहुणा इथे चालतो, तिथे चालत नाही. मी नव्यानं आलेली गावची सून म्हणून माझ्या खोल्यांना हरकत कुणी घेतली नाही. थंडीत शहरातली माणसं पोपटी खायला यायची. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरून, भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करून, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. पाहुणे बोटं चाटायचे. पुन्हा घर चालायला लागलं.

आणि गेल्या थंडीत आमच्या शेजारची जमीन घेऊन तिथे पाच खोल्यांचा बंगला कुणी बांधावा? अध्यक्षांनी! फाटकावर पाटी लागली, खोल्या दिवसाच्या भाड्यानं मिळतील. मला पाहून म्हणाले, "वहिनी, तुम्ही इथे? आता काय, आपण शेजारी-शेजारी धंदा करू." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडानं मात्र मी म्हटलं, "या ना, चहाला या."

माणूस हुशार. ग्रामसभेच्या आधी त्यांनी अख्ख्या गावाला पोपटीला बोलावलं. ज्याच्या शेतात पोपटी खाल्ली, त्याच्याविरुद्ध बोलायचं नाही, ही आमच्या गावची रीत. गाव गेलं, पोटभर जेवलं. मी गेले नाही. "माझा गुरुवार हाय," म्हणून सांगितलं. नवरा म्हणाला, "तुझा गुरुवार कधीपास्नं गो?" मी म्हटलं, "आजपासून." सबंध गावात तोंड मोकळं असलेली आता मी एकटीच उरले होते.

ग्रामसभेत त्यांचा अर्ज आला. सगळे गप्प. मी उभी राहिले. त्यांचेच शब्द, त्यांच्याकडेच बघत, एकेक करून परत केले. "हे गाव आहे, धर्मशाळा नव्हे. अनोळखी माणसं येणार, घरोघरी पोरीबाळी. उद्या काही झालं तर?" त्यांचा चेहरा असा पडला, की मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. मी खाली बसले.

तेवढ्यात मागच्या आळीतले म्हातारे चुलत सासरे उठले. "सूनबाई, त्याचं आमी खाल्लंय, त्याच्यावर आमी बोलणार नाय. पन तुज्याकडं येतात ती मानसं कोन हायत गो? तुजं आमी काय खाल्लंय?"

सभा हसली. मडक्यामागून मडकी मी परसात लावली होती, पण सगळी भाडं देणाऱ्यांसाठी. गावाला कधी एक शेंगही घातली नव्हती. पेणला शेजाऱ्यांना मोदक खिलवून काय मिळालं होतं, म्हणून इथे हात आखडता घेतला होता. एकेक जण माझ्यावर बोलायला लागला. शेवटी सरपंच म्हणाले, "सूनबाई बोलली ते बरोबर हाय. अनोळखी मानसं नकोत. पन नियम केला तर सगळ्यांना सारखा. कुणीच खोल्या द्यायच्या नायत." हात वर झाले. अध्यक्षांचं कुणी वाईट केलं नाही. माझं केलं, आणि त्यात तेही गेले.

घरी येताना नवरा म्हणाला, "नवरा मेला तरी चालंल, पन सवत रंडकी झाली पायजे, अशी गत केलीस गो."

"तुम्ही धडधाकट आहात," मी म्हटलं.

त्या सोमवारपासून तो पुन्हा डोलवीला रोजंदारीवर जातो. मिळेल ती शिफ्ट घेतो, येतो तेव्हा बोलत नाही. त्याची पाठ दुखते हे मला दिसतं, आणि वाईट वाटतं. मग मी मागच्या दारी चहा घेऊन बसते. माझ्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. कुंपणापलीकडे त्यांच्या पाच.