शिंगे : नाहीत

तांदूळ निवडायला घेतले होते. अर्धं सूप झालं होतं, तेवढ्यात आतून सुलक्षणाची हाक आली.

"वहिनी, हितं या बरं. ह्यांना माझी शिंगं बघायचीत."

सूप तसंच ठेवून गेले. सुलक्षणा माझी धाकटी नणंद, चौतिशीची. अकराव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले. सासूसासऱ्यांनी तिला पुण्याला अंधशाळेत घातलं, पुढं बी.ए. होऊन ती घरी आली, आणि आता आमच्या उत्रोलीच्या घरात तिचा लॅपटॉप आणि त्यातला तो आवाज हे दोघंही राहतात. स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. स्क्रीनवर जे असेल ते तो वाचतो, आणि ही कळा दाबत त्याला पुढं हाकते. वेग एवढा, की मला नुसती फोडणीतली मोहरी तडतडल्यासारखी वाटते. खंडेनवमीला मी त्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहते. "कळांच्या फटीत हळद घालू नका," असं ती दरवर्षी म्हणते आणि मी दरवर्षी वाहते.

तो बुधवार होता. भोरच्या एका दूध संघानं जाहिरात काढली होती: टेलिफोनवर बसायला माणूस पाहिजे, दिव्यांगांना प्राधान्य. संघाचं नाव लिहीत नाही, आमचं दूध तिथंच जातं. पण अशी नोकरी सुलक्षणाची वाट बघत बसल्यासारखीच होती. गावात कुणाला टेम्पोवाल्याचा, गॅसवाल्याचा, ढोरांच्या डॉक्टरचा नंबर लागला तर मोबाईलमध्ये कोण शोधत नाही, आमच्या दारात येऊन हिला विचारतात. चारेकशे नंबर तोंडपाठ. आवाजही असा, की भांडायला आलेला माणूस निम्मा तिथंच गार होतो. अर्ज कॉम्प्युटरवरच भरायचा आणि मेलनं धाडायचा होता. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच.

"ऐका आता," म्हणून तिनं आवाजाचा वेग कमी केला.

आवाज म्हणाला, "शिंगांचा आकार. रिकामी चौकट."

मी वाकून पाहिलं. "अगं, इथं तर स्वच्छ 'शिक्षण' लिहिलंय."

"बरं. आन् ही?"

"कानातील बिल्ला क्रमांक. रिकामी चौकट."

"तिथं आधार क्रमांक आहे."

तिनं परत कळ दाबली. "गाभण आहे का. होय. निवडलेले नाही."

मी पदर तोंडाला लावला. "विवाहित आहात का, असं आहे गं ते!"

सुलक्षणा पोट धरून हसली. मग हसायची थांबली, आणि खालपर्यंत सगळ्या चौकटी एकेक करून ऐकून घेतल्या. तेवीस होत्या.

"वहिनी, चौकटीच्या बाजूला छापलेलं असतंय ते तुमाला दिसतं. पण चौकटीच्या पोटात तिचं नाव वेगळं लिहावं लागतं. माझा आवाज ते पोटातलं वाचतो. ह्यांनी गाईच्या विम्याचा फॉर्म उचलला, बाहेरचं छापलेलं बदललं आणि पोटातलं तसंच ठेवलं. बघणाऱ्याला समदं बरोबर. मी मात्र गाय."

आमचे हे रानातून आले होते. ऐकून म्हणाले, "आण इकडं. पाच मिनिटांत भरतो."

तिनं लॅपटॉपवर हात ठेवला. "न्हाई दादा."

"अगं, तू सांग, मी लिहितो."

"न्हाई म्हणलं ना."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघितलं. तिच्या 'न्हाई'चं कारण मीच होते.

तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेसाठी तिचा अर्ज मी भरला होता. घाई होती, दुपारचा नैवेद्य राहिला होता. 'व्यवसाय' या रकान्यात मी लिहिलं, 'काही नाही, घरी असते.' वाईट मनानं नाही लिहिलं. मला तसंच वाटत होतं. भोरच्या कचेरीत खिडकीवरच्या कारकुनानं ते चार माणसांत मोठ्यानं वाचलं. घरात तीन पोरांना पाढे शिकवणारी, गावाचे नंबर सांभाळणारी, माझे तांदूळ माझ्यापेक्षा बारीक निवडणारी बाई तिथं उभी होती आणि तिनं स्वतःबद्दल ऐकलं, काही नाही. भोर ते उत्रोली अंतर ते कितीसं, पण त्या दिवशी संपेना. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "वहिनी, देवापुढं उभ्या राहता तवा तुमच्या वतीनं कोण बोलतं?" तेव्हापासून तिच्या एकाही कागदाला आमच्यापैकी कुणाचा हात लागलेला नाही.

तिनं संघात फोन लावला. स्पीकर चालू होता. तिथले मोठे साहेब मानसिंगराव बोलले.

"ताई, फॉर्म तर बरोबर हाय. बाकीच्यांनी भरला की."

"त्यांना दिसतं साहेब. मला ऐकू येतं. पोटातली नावं बदला, अर्ध्या दिवसाचं काम हाय."

"घरात कुणी डोळस न्हाई का? घ्या की भरून."

"हायेत. पण नोकरी त्यांना करायची न्हाई."

"आता तुमच्या एकटीसाठी..." असं काहीसं म्हणत त्यांनी फोन ठेवला.

मला वाटलं आता रडेल. ही बाई बाह्या सरसावून फॉर्म भरायला बसली. आवाज विचारेल त्याचं उत्तर. मालकाचे नाव: सुलक्षणा, माझी मीच. शिंगे: नाहीत. दात: अठ्ठावीस. कानातील बिल्ला: कुडी आहे, नंबर नाही. गाभण आहे का, तिथं तिनं 'नाही' ठणकावून निवडलं. रोजचे दूध किती: देत नाही, चहापुरतं घेते.

"अगं, हातची नोकरी जाईल!"

"हातात कवा आली हुती?"

आणि धाडून दिलं.

मी देवघरात गेले. माझं माहेर वेल्ह्याचं, त्यामुळं अडल्यानडल्याला तोंडात मेंगाईच येते. दिवा लावून म्हटलं, आई, हिला थोडी सुबुद्धी दे. बाहेरून आवाज आला, "देवीला म्हणावं, मानसिंगरावांपासून सुरुवात कर." हिचे कान म्हणजे!

गुरुवारी सकाळी दहाला संघातून फोन. "ही काय चेष्टा लावलीय?"

"तुमीच इचारलं, म्या उत्तर दिलं. खोटं असंल तर सांगा. येते मी तिकडं."

लॅपटॉप पिशवीत घालून आम्ही दोघी निघालो. संघाच्या ऑफिसात गर्दी होती. दूध घालणारे बाप्ये बाकावर बसलेले, कुणाचा दाखला अडलेला, कुणाची पेंड यायची होती. मानसिंगरावांनी आपला कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. "बघा. कुठं हाय गाय? दाखवा."

वळवून काय उपयोग, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सुलक्षणानं टेबलाची कड चाचपली, आपला लॅपटॉप ठेवला आणि आवाज पूर्ण मोठा केला. सगळ्या ऑफिसानं ऐकलं. "मालकाचे नाव. शिंगांचा आकार. गाभण आहे का."

बाकावरचे गेनबा म्हातारे, त्यांच्या दोन म्हशी आहेत, काठी टेकत उठून आले. "आरं मानसिंगा, पोरीची शिंगं कशापायी मोजतोस? तुझी मोज आधी!"

हशा पिकला. मानसिंगराव लाल झाले. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरची मुलगी तर त्यांच्याहून लाल. शेफाली तिचं नाव. फॉर्म तिनंच केला होता. "सर, मला कुणी सांगितलंच नव्हतं की आत पण नाव बदलायचं असतं," ती बारीक आवाजात म्हणाली.

मानसिंगरावांनी मग सूर बदलला. "बरं ताई, राहू द्या. तुमच्यापुरता अर्ज कागदावर घेतो. तुमी तोंडी सांगा, शेफाली लिहील. झालं?"

मी मनात हात जोडले. सुटलो म्हटलं. सुलक्षणा म्हणाली, "न्हाई."

"आता काय?"

"माझ्यापुरतं नको. दिव्यांगांना प्राधान्य म्हणून तुमीच छापलंय. माझ्यासारखा दुसरा कुणी आज भोंगवलीला बसून हाच फॉर्म ऐकत असंल. त्याला वाटंल, आपलीच मशीन बिघडली, आन् तो गप पडंल. फॉर्म नीट करा. मग भरते, माझ्या हातानं."

"उद्या पाचला मुदत संपली म्हंजे?"

"संपली तर संपली. ढोराच्या फॉर्मवर मी अर्ज करणार न्हाई, आन् दुसऱ्याच्या हातानंही करणार न्हाई."

ती तिथून हललीच नाही. बाकावर बसून राहिली. मानसिंगराव आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. गेनबा काठी वाजवत म्हणाले, "हिचं झाल्याबिगर माझी पेंडबी नको मला." शेवटी साहेब हात झटकून म्हणाले, "शेफाली, करून टाक."

शेफालीनं तिच्याजवळ खुर्ची ओढली. एक चौकट उघडायची, पोटातलं नाव खोडून नवीन लिहायचं, सुलक्षणानं ऐकून 'हं' म्हणायचं. मध्येच कळलं, की नावावरून कळ दाबली की उडी थेट शेवटच्या सहीवर जाते आणि मग परत पत्त्यावर. चौकटींचा क्रमही लावावा लागला. तारखेपाशी 'दिवस, महिना, वर्ष' कसं लिहायचं तेही आत घातलं. 'होय' आणि 'नाही' कशाबद्दलचं ते प्रत्येकाच्या पोटात पुरतं लिहिलं. शेफाली एकदा म्हणाली, "ताई, डोळे मिटून बघू का मी?" आणि खरंच डोळे मिटून फॉर्म ऐकायला लागली. तिसऱ्या चौकटीलाच हरवली. "अगं बाई," म्हणाली, "हे रोज असं?"

"रोज न्हाई," सुलक्षणा म्हणाली, "फॉर्म आला की."

चार वाजता नवीन फॉर्म संघाच्या साईटवर चढला. सुलक्षणा भरायला बसली. मी मुद्दाम दूर, गेनबांच्या शेजारी बसले, मान तिकडं वळवली नाही. वीस मिनिटं लागली. 'अनुभव' या चौकटीपाशी मात्र ती बराच वेळ टाईप करत होती. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मानसिंगराव जाता जाता म्हणाले, "नोकरी लागंलच असं न्हाई बरं का."

"ठावं हाय. नाकारायचं तर नाकारा. पण माझं नाव वाचून नाकारा."

अर्ज सगळा भरून तयार आहे. एवढ्यातून फोटोच राहिला. तेवढा जोडून अर्ज धाडायचा आहे, आणि जुन्या फोटोत ती एकवीस वर्षांची आहे. स्टँडजवळचा फोटोवाला गुरुवारी, म्हणजे आज, बंद असतो. उद्या सकाळी नऊच्या एसटीनं सुलक्षणा भोरला पासपोर्ट फोटो काढायला जाणार आहे.