तुपावरचा शिपका
लोणी कढायला लागलं की त्या वासासरशी मला छावणी भागातलं काकूचं स्वयंपाकघर आठवतं. त्या दिवशी पांढरा गोळा पातेल्यात वितळून पिवळा झाला होता, त्यातलं पाणी तडतडत वाफ होऊन उडून गेलं होतं आणि गॅसपाशीच काका काकूला मारत होते. केस मुठीत धरून तिचं कपाळ त्यांनी भिंतीवर आपटलं. अकरा वर्षांची मी दारात थिजून उभी. "लई झालं, सोडा," काकू म्हणाली. काका हसले आणि त्यांनी दुसरा हात उगारला. तूप रवाळ व्हावं म्हणून आमच्याकडं शेवटी त्यावर पाण्याचा शिपका मारतात, चारच थेंब. काकूनं शिपक्यासाठी शेजारी भरून ठेवलेला अख्खा तांब्या उकळत्या तुपात उपडा केला. पाण्याची क्षणात वाफ झाली आणि सगळं तूप फुटल्यासारखं वर उसळलं. काकांचं तोंड भाजलं, तिचा हात भाजला. ओरडले ते एकटेच. दवाखान्यात ती डॉक्टरांना म्हणाली, "शिपका जरा जास्त झाला." सोबत आलेल्या शेजारणींनी जन्मभर तूप कढवलं होतं, पण एकीनंही तोंड उघडलं नाही. काकांनी पुन्हा कधी हात उचलला नाही. मीही चार थेंबांचाच शिपका मारते, पण भरलेला तांब्या हाताशी असल्याशिवाय गॅस पेटवत नाही.