लाडवांची साक्ष

लॉकडाऊनमध्ये खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना मी डबाभर बेसनाचे लाडू दिले आणि फसलो. बाई कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, नू-चा-नुल्थ या तिथल्या मूळनिवासी लोकांतल्या. लग्न करून इथे नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला आलेल्या. काहीही सांगून झालं की बोट उगारून म्हणायच्या, "लक्षात ठेव हं!"

डब्यातून स्मोक्ड सॅल्मन आला. आम्ही डबा रिकामा परत करत नाही, म्हणून मी पुन्हा लाडू भरले. पुन्हा मासा, पुन्हा लाडू.

मग एकदा जिन्यात शेजारी म्हणाला, "खालच्या बाई अख्ख्या बिल्डिंगला लाडू वाटतात, काय मस्त!"

मी तणतणत खाली गेलो. बाई दीड मीटरवरून शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात जो जास्त वाटतो, तो मोठा. आणि किती वाटलं ते लक्षात ठेवणाऱ्या साक्षीदारालाही भेट द्यावी लागते. तुला मासा दिला ना? लक्षात ठेव हं!"

वर येऊन मी निमूट बेसन भाजायला घेतलं.