फाटकाबाहेरची लाल बादली

रोज सकाळी कामावर निघण्याआधी ठमीचे बाबा एक लाल बादली ओल्या फडक्याने पुसायचे. आधी बाहेरून, मग काठ, शेवटी तळ. त्या बादलीत पाणी कधी भरलं जात नव्हतं. दिवसभर ती रस्त्यावरच्या धुळीत फिरायची आणि संध्याकाळी पुन्हा मळून घरी यायची. आई होती तेव्हा म्हणायची, "एवढा हात माझ्या भांड्यांना लागला असता तर." बाबा म्हणायचे, "तुझं भांडं मळकं राहिलं तर कुणी गाडीखाली येत नाही."

ते पालिकेच्या रस्ते विभागात निरीक्षक होते. कुणी नवं घर बांधलं की रस्त्यावरून गाडी आत नेण्याची वाट नियमात बसते का, हे बघणं त्यांचं काम. नियम ठमीला पाढ्यांच्या जोडीने पाठ झाले होते. फाटक आत उघडलं पाहिजे. फाटकाच्या दोन्ही अंगांना भिंत कमरेखाली हवी. उतार फाटकाच्या आतच संपावा, म्हणजे गाडी सपाटीवर येऊन थांबेल आणि मग फुटपाथ ओलांडेल. उतारावर चाकं धरतील अशा आडव्या खाचा हव्यात. आणि फुटपाथ कापायचा नाही, तो चालणाऱ्याचा.

टेप त्यांच्या खिशात असायचीच. पण त्यांचं म्हणणं असं, की टेपशी माणूस हुज्जत घालतो, बादलीशी कोण घालणार? त्यांनी चाकं लावलेल्या एका फळीवर बादली उपडी बसवली होती. नुकतंच चालायला लागलेलं पोर असावं तेवढी तिची उंची. घरमालकाने गाडीत बसायचं, काच वर करायची, आणि शिट्टी वाजली की रोजच्यासारखी गाडी मागे घेत बाहेर यायचं. बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून दोरीने ती बादली फुटपाथवरून फाटकासमोर ओढत न्यायचे. मालकाला ती दिसली आणि तो थांबला, तर वाट मंजूर. बादली उडाली, तर भिंत तरी उतरवा नाहीतर उतार तरी. वर्षाकाठी एखाददुसरी बादली कामी यायचीच. गाव त्यांना बादलीसाहेब म्हणायचं, आणि त्यांना ते आवडायचं. यामागे काहीतरी जुनं दुःख असणार, असा लोकांचा कयास होता. तसं काही नव्हतं. त्यांना फक्त वादाचा कंटाळा होता.

आणि वाद नेमका लेकीच्या दारात येऊन उभा राहिला.

ठमीच्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, निवृत्तीनंतर घर बांधलं. जागा रस्त्यापेक्षा बरीच उंच, म्हणून जोत्यापासून थेट फुटपाथपर्यंत गाडीचा तीव्र उतार, वर गुळगुळीत फरशी. आणि भोवती पुरुषभर उंच दगडी भिंत. ती भिंत अप्पांचा जीव की प्राण. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी भाड्याच्या घरांत काढली होती. "लोकांच्या खिडक्यांसमोर बसून जेवलोय मी," ते म्हणायचे. "कुणी आज काय भाजी विचारायचं, कुणी न विचारताच सांगायचं. आता माझ्या अंगणात माझ्याशिवाय कुणाची नजर नको."

जुनं घर सोडून झालं होतं. सामान खोक्यांतच होतं. गाडीची वाट मंजूर झाल्याशिवाय पालिका राहण्याचा दाखला देणार नव्हती आणि दाखल्याशिवाय नळ जोडून मिळणार नव्हता. सासूबाई टँकरचं पाणी पिंपात भरून पुरवून पुरवून वापरत होत्या. घरात कुणी ठमीला काही म्हणत नव्हतं. पण ती खोलीत आली की बोलणं थांबायचं. काम तिच्या बाबांच्या हातात होतं, आणि बाबा तिचे होते.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी ती माहेरी गेली. बाबा दोरीची गाठ सोडवत बसले होते.

"बाबा, उद्या दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगा ना."

"सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, दुसरा आहे कोण?"

"भिंत बघितलीय तुम्ही."

"बघितली. दगड छान बसवलाय."

"ते व्याही म्हणून. निरीक्षक म्हणून?"

"निरीक्षक उद्या येणार आहे."

 मग जे बोलायचं नाही असं ठरवून आली होती, तेच बोलली. "यावेळी टेपने मोजा. थोडं इकडे, थोडं तिकडे. मला त्या घरात राहायचंय, बाबा. तुम्हाला नाही."

त्यांनी दोरी खाली ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "जेवून जातेस का?"

ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा अप्पा फाटकात उभे होते. "या व्याहीबुवा. आज बादली पुढे आणि तुम्ही मागे वाटतं?"

"बादलीला मान आहे. मला कोण विचारतं?" बाबा हसले. पण त्यांची नजर उतारावरून खाली गेली आणि हसू तिथंच संपलं.

ठमी वरच्या गच्चीत धुणं घेऊन गेली. खाली उभं राहायची तिची छाती नव्हती. तिथून भिंतीच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. आत, जोत्याशी, नवरा गाडीत बसलेला. त्याने काच वर केली, आरसा नीट केला. बाहेर बाबा, तोंडात शिट्टी धरून, बादलीची फळी फुटपाथवर मांडत असलेले. एवढी साधी गोष्ट होती. तरी तिचे हात ओल्या चादरीवर नुसते फिरत राहिले.

फळीचं पुढचं चाक गटाराच्या झाकणाच्या फटीत गेलं.

बाबांनी पलीकडून दोरीला हिसका दिला. हलेना. मग ते रस्ता ओलांडून परत आले, भिंतीच्या टोकाशी, फाटकाच्या अगदी कडेला, आणि वाकून दोन्ही हातांनी फळी उचलू लागले. जोर लावताना माणूस कण्हतो, तसे ते कण्हले. शिट्टी त्यांच्या दातांतच होती.

ती वाजली.

गाडी मागे निघाली. ठमीला दोघंही दिसत होते, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मधे फक्त ती देखणी भिंत. ती ओरडली. गाडीची काच वर होती, आत इंजिनाचा आवाज होता, आणि अप्पा तिच्या ओरडण्याने बावरून वरच बघत राहिले. बाबा चाकाशी झटत होते. वयाने कान जरा जड झाले होते, हे त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं, पण ठमीला ठाऊक होतं. गाडी उताराला लागली.

तिने हातातला सगळा ओला बोळा, चादरी, टॉवेल, जे होतं ते, गच्चीवरून खाली लोटलं. धप्प आवाज करून तो गाडीच्या टपावर पडला. नवऱ्याने ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. गुळगुळीत फरशीवरून ती तशीच घसरत फाटकाबाहेर गेली आणि फळीवर चढून अडली. बादली चिरडल्याचा आवाज वरपर्यंत आला.

ठमी जिना कशी उतरली ते तिला नंतर आठवलं नाही. मागे उडी टाकताना पडलेले बाबा रस्त्यावर बसले होते. एक चप्पल पायात, एक कुठेतरी. कोपर सोलवटलं होतं. शिट्टी अजून तोंडातच होती, आणि श्वासागणिक बारीक चिवचिवत होती. सासूबाईंनी पुढे होऊन ती त्यांच्या तोंडातून काढून घेतली, आणि हात देऊन त्यांना उठवलं.

"चूक माझी," बाबा जावयाला म्हणाले. "शिट्टी माझीच वाजली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

अप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी माणूस आपल्या भिंतीला एकदम पाठ दाखवत नाही. "तुम्हीच म्हणताय शिट्टी चुकून वाजली. मग व्याहीबुवा, भिंतीचा काय गुन्हा?"

बाबांनी धूळ झटकली. "शिट्टी वाजायला नको होती, कबूल. पण शाळेतून येणारं पोर शिट्टी वाजवत चालत नाही, अप्पासाहेब."

"हे तुम्ही आमच्याच घराला..."

"अप्पा," नवरा म्हणाला. तो गाडीतून उतरून दाराला धरून उभा होता. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "मी बघत होतो. आरशात बघत होतो, मान वळवून बघत होतो. बादली सोडा. बाबाच दिसले नाहीत मला."

 टपावरून चादरीचं पाणी ठिबकत होतं. बाबांनी कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवून 'नामंजूर' लिहिलं, सही केली, आणि कागद अप्पांच्या हातात न देता ठमीच्या हातात दिला. तिने तो घेतला. आदल्या संध्याकाळी ती काय बोलली होती ते दोघांनाही आठवत होतं, आणि दोघांनीही ते तिथंच सोडलं. ती अप्पांकडे वळली. "गवंड्याला मी फोन करते," ती म्हणाली. सासरी आल्यापासून घरच्या बांधकामाबद्दल ती बोललेली ही पहिलीच गोष्ट.

"कर," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्याला म्हणावं, ही फरशी आधी उखड. मला रोज यावरून खाली उतरायचंय."

गवंडी आला. फाटकाच्या दोन्ही अंगांचे दगड उतरवले, उतार मागे ओढून लांब केला, खाली गाडी उभी राहील एवढी सपाटी काढली, आणि सिमेंट ओलं असताना फळीच्या कडेने आडव्या खाचा पाडल्या. अप्पा खुर्ची पाठमोरी टाकून आत बसले. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची वळली. भिंत उतरल्यावर समोरच्या घरातले गृहस्थ दिसू लागले होते, आणि ते नमस्कार करत होते. नमस्काराला पाठ कशी दाखवणार? चहाला बोलवायला मात्र ते अजून तयार नव्हते. व्याह्याशीही बोलत नव्हते. "त्यांचं कोपर कसं आहे विचार," एवढं ठमीला म्हणाले, तेही वर्तमानपत्राआडून.

कोपर बरं झालं. बाबा मात्र उताराला मंजुरी द्यायला आले नाहीत. सिमेंट अजून गोणपाटाखाली ओलं धरून ठेवायचे दिवस चालू होते, तेव्हाच एका दुपारी ते आरामखुर्चीत डोळे मिटून बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, की हे हृदयाचं आहे, त्या पडण्याशी याचा काही संबंध नाही. दुसऱ्यांदा सांगितलं ते नवऱ्याने पुन्हा विचारलं म्हणून. तो पुढे बरेच दिवस गाडी काढण्याआधी उतरून फुटपाथपर्यंत चालत जाऊन यायचा. ठमी त्याला थांबवत नसे.

मंजुरी एका तरुण निरीक्षकाने दिली. त्याने टेप लावली, आकडे लिहिले, छान झालंय म्हणाला. नळाला पाणी आलं. अप्पांनी त्याला विचारलं, "एवढंच?" तो म्हणाला, "एवढंच." अप्पा बराच वेळ फाटकात उभे राहिले, जणू अजून कुणी यायचं बाकी होतं.

बाबा गेले त्या सकाळी त्यांचा फोन आला होता. ठमी घाईत होती. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. ते काही विशेष बोलले नाहीत. कोपराची खपली पडली म्हणाले, शेजाऱ्यांकडचं कुत्रं रात्रभर भुंकलं म्हणाले. मग विचारलं, "उताराला पाणी मारलंस का?"

"मारते, बाबा. टँकर अजून यायचाय."

"पिंपात असेल त्यातलं घे. ऊन चढायच्या आत मार. आणि गोणपाट कोरडं पडू देऊ नकोस."