नळाची शाल

पन्हाळ्यावर मी एकदा बायकोची शाल नळाला गुंडाळली. नळ होता आम्ही दोघं राहत होतो त्या गाडीतला; मेव्हण्याकडून मागून आणलेली, लष्करी लिलावातली, आत राहायची सोय असलेली मुक्कामाची गाडी होती ती. टाकी, पाईप, सगळं आत. संध्याकाळी अचानक, तिथं कधी नव्हे असा थंडीचा कडाका पडला. पाईप गोठून फुटले, तर मेव्हण्याला काय तोंड दाखवायचं?

दूध घालायला आलेला गडी लढाईवरून परतलेला. शाल बघून तो मिशीत हसला. “पावणं, इटलीत बर्फानं नळ फुटताना बघितल्यात मी. पांघरूण माणसाला लागतंय, नळाला रिकामं पोट!” वाकून त्यानं टाकीचं बूच काढलं, सगळं पाणी वाहू दिलं. मग शाल झटकली, घडी घातली आणि बायकोपुढं धरली.

सकाळी बाहेरच्या बादलीत बर्फाचा पापुद्रा होता. पाईप मात्र शाबूत!

बायको म्हणाली, “पुढच्या जन्मी नळच होईन म्हणते. तुम्ही आपणहून शाल तरी घालाल.”